आवाजात सुधारणा केली आहे

चंद्रपुरात मार्चपासून जूनपर्यंत कोणी कोणाचं ऐकत नाही. भांडणाचा त्यात काही संबंध नाही. कूलर चालू असतात. आमचा कूलर लोखंडी, माझ्या लग्नाच्याही आधीचा, आणि त्याच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं. तो सुरू झाला की स्वयंपाकघरातून कोणी "चहा घेता का?" असं विचारलं तर हॉलमधल्या माणसाला "वाघ आला का?" असं ऐकू येतं. चंद्रपुरात हा प्रश्न अगदीच अशक्य नसल्यामुळे तो माणूस निमूट उठून दार लावून येतो.

अशा भर नवतप्यात पुण्याहून भाचा आला. पाणी पिण्याच्या आधी त्याने लॅपटॉप उघडला आणि कूलरच्या वरताण ओरडला, "मामा, आवाज सुधारलाय!"

"कशाचा?"

"गेमचा!"

मला 'प्रेमाचा' असं ऐकू आलं. पोट्टं वयात आल्याची मी मनातल्या मनात नोंद घेतली आणि बायकोकडे पाहिलं. तिला काय ऐकू आलं कोण जाणे, तिने आतून पोह्यांची ताटली आणून दिली.

गेमचं नाव ट्रान्सपोर्ट टायकून. ख्रिस सॉयर नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी तो १९९४ साली काढला, पुढच्या वर्षी त्याची डिलक्स आवृत्ती आली. त्यांनी तो असेंब्लीत लिहिला होता. ही भाषा यंत्राला लगेच कळते आणि माणसाला शक्यतो कळत नाही. खेळ असा की रूळ टाकायचे, गाड्या घ्यायच्या, खाणीतला कोळसा वीज केंद्रात नेऊन ओतायचा आणि पैसे मोजायचे. लोहखनिज पोलाद कारखान्यात न्यायचं, जंगलातलं लाकूड आरा गिरणीत. डिलक्समधला थंड प्रदेश निवडला तर तेच लाकूड पेपर मिलमध्ये.

जगभरच्या मुलांना यात काय गंमत वाटली ते त्यांचं त्यांना ठाऊक. चंद्रपूरच्या माणसाला हा गेम वाटतच नाही. दुर्गापूरचा कोळसा, त्याच्या अंगालाच २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, आलापल्लीचं सागवान, एटापल्लीकडे सुरजागडचं लोहखनिज. १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्या अखंड जिल्ह्याचा नकाशा सॉयरसाहेबांच्या हाती कुठून तरी लागला असावा, असा माझा जुना संशय आहे. मोह, तेंदू आणि वाघ तेवढे त्यांनी गाळले. बहुधा फ्लॉपीत मावले नसतील.

मी तो गेम पहिल्यांदा पाहिला नव्वदच्या दशकात, गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. तिथे चपला बाहेर काढून, पाय पुसून, मान खाली घालून आत जावं लागे आणि कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर असे. सर बाहेर गेले की फ्लॉपीवरून गेम सुरू व्हायचा आणि आम्ही सगळे एका खुर्चीत बसायचो. त्यामुळे नव्या आवाजाची बातमी ऐकल्याबरोबर मी ठामपणे म्हणालो, "जुना आवाजच चांगला होता."

"मामा, तुमच्या क्लासच्या मशिनला साउंड कार्ड होतं?"

"नव्हतं."

"मग जुना आवाज ऐकला कधी?"

"म्हणून तर म्हणतो, चांगला होता."

मूळ गेम डॉसवर चालणारा. विंडोज बदलत गेल्या तसा तो कुरकुरायला लागला. मग लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश प्रोग्रामरने तो आतून उकलला, त्याची यंत्रभाषा वाचून काढली आणि सगळं पुन्हा सी भाषेत लिहून २००४ साली ओपनटीटीडी या नावाने लोकांसमोर ठेवलं. पुढे याच माणसाने म्यूटोरेंट लिहिलं, स्पॉटिफायच्या सुरुवातीच्या मंडळींतही तो होता. म्हणजे लोकांची गाणी आधी फुकट आणि मग रीतसर ऐकवण्याची सोय एकाच माणसाने केली. या गेमच्या दुरुस्त्या तेव्हापासून जगभरातले लोक करताहेत, तेही बिनपगारी. माझ्या भाच्याने त्यात एकदा एक स्वल्पविराम बदलला होता. तेव्हापासून तो 'आम्ही' म्हणतो.

"आम्ही या वेळी बरेच बग काढले," तो जेवताना म्हणाला.

"बाथरूमचा नळ दोन महिन्यांपासून गळून राह्यला," त्याची मामी म्हणाली, "तो कोन्या आवृत्तीत येते?"

बायकोच्या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, मी वांग्याची भाजी मागून घेतली.

आता बगाबद्दल. जगातल्या प्रत्येक बगाच्या दोन बाजू असतात. ज्याचं नुकसान होतं तो त्याला बग म्हणतो, ज्याचा फायदा होतो तो सोय म्हणतो. जुन्या गेममध्ये बोगद्याची सोय होती. महागाई चालू ठेवून बरीच वर्षं खेळलं आणि मग नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोगदा खणायला घेतला की त्याचा खर्च फुगत फुगत २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जायचा. गेमच्या हिशेबाच्या वहीत याहून मोठा आकडा मावत नव्हता. मावला नाही की तो गरकन फिरून उणे व्हायचा. खर्च उणे झाला म्हणजे बोगदा खणल्याबद्दल गेमच आपल्याला अब्जावधींची रक्कम द्यायचा! आमच्या क्लासमधल्या एका पोराने हा शोध लावला तेव्हा पुढची बरीच वर्षं तो अर्थमंत्री होणार असं आम्ही धरून चाललो होतो. त्याने नंतर वरोऱ्याला सिमेंटची एजन्सी टाकली.

भाच्याने नकाशातल्या गावांना आपल्याकडचीच नावं दिली होती. मी लॅपटॉप पुढे ओढला, घुग्घुसजवळ डोंगराला तोंड पाडलं आणि बोगदा थेट राजुऱ्याला काढायला गेलो. पैसे वजा झाले. चांगले घसघशीत वजा झाले.

"अरे, पैसे गेले!"

"जाणारच. बोगदा खणला ना तुम्ही."

"पण यायला पाहिजेत."

"तो बग होता मामा. आता आकडे चौसष्ट बिटांत ठेवतात, उलटत नाहीत. केव्हाच दुरुस्त झाला."

मला कोणीतरी न विचारता निवृत्त केल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर होतो तो बोगदाच प्रामाणिक झाला. बरं, तक्रार करावी तर कुठे? 'आपल्या गेममधील चूक कृपया परत बसवावी' असा अर्ज कोणत्या तोंडाने करणार?

दुपारी आवाजाच्या चाचणीला शेजारपाजारची मंडळी आली. खरं म्हणजे ती कूलरला आली होती. आमच्या गल्लीतल्या डीपीचा एक फेज उडाला होता आणि आमचं घर दुसऱ्या फेजवर होतं. एक काकाजी औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममधून रिटायर झालेले, दुसरे बल्लारशाच्या रेल्वेतले गार्ड. भाच्याला वाटलं, तज्ज्ञ समिती मिळाली. त्याने उत्साहाने स्पीकर जोडले, कूलरवर मात करायला आवाज शंभर टक्क्यांवर नेला आणि वीज केंद्राजवळ नकाशा मोठा केला. केंद्रातून ठिणग्या उडाल्या, कडकड आवाज आला.

"ऐका काकाजी, किती स्पष्ट!"

काकाजींचा चेहरा पडला. "असा आवाज आला तर आमी युनिट बंद करून घरी निजलेल्या लोकाईले उठवत होतो. तुमी याले सुधारणा म्हणता?"

"गेममध्ये असाच येतो."

"मग हा प्लांट तीन दिवसांत बसते. लिहून घे."

गार्डसाहेबांचा आक्षेप शिट्टीवर होता. ती कोणत्या इंजिनाची, हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांना कळत नाही म्हणजे असं इंजिन नाही. चढावर गाडीचा सूर बदलायला हवा, तो बदलत नाही. फाटकाची घंटा ठीक आहे पण वाजवणाऱ्याला घाई दिसते. तेवढ्यात पडद्यावरची गाडी भकाभक धूर सोडून मधेच थांबली. गेममध्ये गाड्या अशा अधूनमधून बंद पडतात, ते मुद्दाम ठेवलेलं आहे.

"पाहिलं?" गार्डसाहेब आनंदाने म्हणाले. "आवाजावरूनच सांगतलं होतं मी."

मग कोळशाचा वाद निघाला. या गेममध्ये भाडं अंतरावर मिळतं. खाण आणि केंद्र एकमेकांना खेटून असतील तर त्या फेरीला फुटकी कवडी मिळत नाही. म्हणून शहाणा खेळाडू इथला कोळसा नकाशाच्या पार पलीकडच्या केंद्रात नेऊन ओततो. भाच्याने दुर्गापूरच्या खाणीचा कोळसा उचलून सिरोंच्याला काढलेल्या केंद्रावर पाठवला होता.

"डोकं फिरलं का बे तुहं?" कंट्रोल रूमवाले काकाजी कडाडले. "खान इथं, प्लांट इथं, मधात सडक बी नाही, आन् कोळसा सिरोंच्याले?"

"तिथे पैसे जास्त मिळतात काकाजी."

काकाजी जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "असन. यातलं आपल्याले सारंच समजते असं नाही."

गेममधली नगरपालिका मात्र सर्वांना एकमताने पसंत पडली. तुम्ही झाडं तोडली की ती नाराज होते आणि स्टेशन बांधू देत नाही. पुन्हा झाडं लावली की खूश.

"लावलेली जगली पाहिजेत, अशी काही अट?" मी विचारलं.

"नाही. लावली की लगेच खूश."

"अस्सल आहे."

नगरपालिकेच्या यादीत आणखीही कामं आहेत. गावात जाहिरात करा, रस्त्याच्या पुनर्बांधणीला पैसे द्या, कंपनीच्या मालकाचा पुतळा उभारा. आणि झाडांनी भागलं नाही तर लाच द्या, तसं चक्क बटण आहे. पण लाच देताना पकडले गेलात तर गावातली पत शून्य. हे शेवटचं कलम वाचून समितीने प्रथमच गेमच्या खरेपणाबद्दल शंका घेतली.

तेवढ्या आनंदात मी वडसा ते गडचिरोली रेल्वे टाकून घेतली. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणावं ते वडसा; तिथून जिल्ह्याच्या गावापर्यंतच्या ५२ किलोमीटरच्या लाईनची आमची दुसरी पिढी वाट पाहते आहे. माझी पाच पोळ्या होईपर्यंत तयार झाली. पहिली गाडी पोचल्याबरोबर पडद्यावर वर्तमानपत्र उघडलं, नागरिकांचा जल्लोष असल्याची बातमी आली आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. गार्डसाहेबांनी डोळे पुसले. म्हणाले, कूलरचं पाणी उडालं.

भाच्याचा सगळ्यात लाडका किस्सा रस्ते खोदण्याच्या आवाजाचा. जुन्या गेमचे सगळे आवाज एकाच फाईलमध्ये आहेत, एकूण ७३. गाड्यांचे भोंगे, घंटा, गल्ल्याचा खणखणाट, सगळं. त्यातला रस्ता फोडणाऱ्या हातोड्याचा आवाज मात्र नीट बांधलेला नव्हता, नुसताच कच्चा माल होता, आणि विंडोजच्या फाईलमध्ये त्याचं नावच 'बिघडलेला आवाज' असं होतं. नव्या इंजिनात त्या एका आवाजासाठी खास व्यवस्था करावी लागली. फाईल वाचताना हे नाव दिसलं की इंजिन ओळखतं, हा तोच, याला वेगळं वागवा. सेकंदाला ११,०२५ नमुने धरून आहे तसा वाजवा.

"म्हणजे बाकीचे बहात्तर नियमाने चालतात," मी म्हणालो, "आणि रस्ते खोदणाऱ्यासाठी वेगळा नियम."

"हो."

"हे इंग्लंडातच आहे ना नक्की?"

बाहेर आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता फोडणं चालूच होतं. तो रस्ता होळीला झाला होता. खिडकी उघडून भाच्याने दोन्ही आवाज एकमेकांशी ताडून पाहिले आणि खरा आवाज जरा बनावट वाटतो, असं मत दिलं.

सगळ्यात मोठं यश तिसऱ्या प्रहरी मिळालं. गेममध्ये एक ट्रक फाटकावर गाडीखाली आला, मोठा स्फोट झाला, आणि त्या स्फोटाबरोबर आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या, कपाटातल्या वाट्या वाजल्या, भिंतीवरचं कॅलेंडर सरकलं.

"मामा! काय बास आलाय!" भाचा उडी मारून उठला. "एवढ्याशा स्पीकरवर! आम्ही हे कसं केलं?"

कोणी काही बोललं नाही. तो लगेच लिहायला बसला. नव्या आवृत्तीत खालच्या पट्टीतले आवाज अप्रतिम उतरले आहेत, भिंतीपर्यंत जाणवतात, ज्याने कोणी केलं त्याचे आभार. इंग्रजीत चांगली आठ-दहा वाक्यं झाल्यावर गार्डसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, ते खानीतलं ब्लास्टिंग होतं. रोज याच टायमाले होते."

गेममध्ये खाणीच्या नावाने एक संकटही आहे. कोळसा काढून काढून जमीन पोकळ होते आणि एक दिवस वरचं सगळं खचतं. भाचा ते मजेत दाखवायला निघाला होता, पण समितीत कोणी हसलं नाही. घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक राहतं घर असंच दिवसाउजेडी जमिनीच्या पोटात गेलं होतं. माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली.

"नको असेल तर हे संकट बंद करता येतं," भाचा घाईने म्हणाला. "सेटिंगमध्ये आहे."

"कोन्या ऑफिसात?" काकाजींनी विचारलं. त्यांना ते खरंच हवं होतं.

जाता जाता भाच्याने आणखी एक बातमी दिली. या गेमच्या भाषांच्या फायलींत मराठीही आहे, पण ती 'अपूर्ण' नावाच्या कप्प्यात ठेवलेली आहे. गार्डसाहेब म्हणाले, आपली वडसा-गडचिरोली लाईन पण तिथंच ठेवली असन, पाहून घेजो.

एवढ्यावर हे प्रकरण मिटायचं. पण भाच्याला गेम बंद करायची सवय नाही. तो खिडकी खाली सरकवून ठेवतो, म्हणजे आपण दुसरं काम करत असताना आत गाड्या धावतात आणि पैसे मिळत राहतात. कूलरवर मात करण्यासाठी शंभर टक्क्यांवर नेलेला आवाजही त्याने पुन्हा कमी केला नाही. पुण्यात तो हेडफोन लावतो आणि हेडफोन वेगळाच आवाज लक्षात ठेवतो, असं काहीतरी त्याने नंतर मला समजावून सांगितलं. नंतर म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

दिवाळीत आम्ही भाच्याला घेऊन माझ्या साळ्याच्या गावी गेलो, गडचिरोली जिल्ह्यात, वडशापासून आत. भाऊबीजेनंतर तिकडे मंडईचे दिवस असतात, आणि मंडई म्हणजे रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. वडसा म्हणजे या धंद्याची राजधानी, लोक कौतुकाने झाडीवूड म्हणतात. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं, तारखांची बुकिंगं, आणि दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. प्रयोग रात्री दहाला म्हणायचा, अकराला सुरू व्हायचा आणि पहाटे कोंबडा आरवला की कोणाला तरी आपली चूक उमगायची. समोर चटया, घोंगड्या टाकून गावच्या गाव बसलेलं, आजूबाजूच्या गावांतले पाहुणे, त्यांची झोपलेली मुलं, शेंगदाण्यांचा खच.

त्या रात्री पहिला अंक संपल्यावर साउंडवाल्याचा पेनड्राइव्ह उघडेना. वीज कडाडणे, पाऊस, कुत्रं भुंकणे, सगळं त्यात. दुसऱ्या अंकात बापाचं मरण होतं आणि पावसाशिवाय मरायला नटाची तयारी नव्हती. साळा उत्साही माणूस. त्याने माइकवर जाऊन सांगितलं की घाबरू नका, आमच्या भाऊजींचा भाचा पुण्याहून आला आहे, तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे. टाळ्या पडल्या. भाच्याने लॅपटॉप आणला, मोबाइलवरून नेट जोडून पावसाचा आणि विजेचा आवाज उतरवून घेतला, वायर मिक्सरला लावली. साउंडवाल्याने झाडांवर बांधलेल्या भोंग्यांपर्यंत सगळं तपासलं. पाऊस उत्तम पडला. समोरच्या चटईवरच्या आजीने पदर डोक्यावर घेतला.

दुसरा अंक. बाप खाटेवर. लेक पायाशी. सावकार दारात उभा, हातात जमिनीचा कागद. बाप थरथरत्या हाताने अंगठा पुढे करतो, सावकार कागदावर तो टेकवतो...

खण्ण!

सिरोंच्याला कोळसा पोचला होता. दुकानाच्या गल्ल्याचा तो खणखणाट चारही भोंग्यांतून असा घुमला की सावकार दचकून मागे झाला. प्रेक्षकांत क्षणभर शांतता, मग पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "घे, पावलं लेकाचं!" आणि हशा पिकला.

मी मागे वळून भाच्याला शोधलं. तो मिक्सरजवळ नव्हता. चकली खायला गेला होता.

सावकाराचं काम करणारा नट मुरलेला. त्याने पुन्हा अंगठा टेकवला. पुन्हा खण्ण. आता प्रेक्षक वाट पाहू लागले. सावकाराने अंगठा वर केला, प्रेक्षकांकडे पाहिलं, हळूच खाली आणला. काही झालं नाही. त्याने मान हलवली, "उधारीवर आहे वाटतं." गाव लोळलं. लेकीचं काम करणारी बाई बापाच्या पायांवर डोकं ठेवून खांदे हलवत होती, ती रडत होती असं मी समजून घेतलं.

आता बापाच्या मरणाची वेळ. ऑर्गनवाल्याने करुण सूर धरला. बापाने लेकीचा हात हातात घेतला, आयुष्यभराची कैफियत सांगायला तोंड उघडलं, आणि भोंग्यांतून सुरू झालं: टण टण टण टण टण. फाटकाची घंटा. वाजवणाऱ्याला खरंच घाई होती. आमच्या गार्डसाहेबांचं मत मला त्या क्षणी पटलं.

मी गर्दीतून मिक्सरकडे निघालो. त्यासाठी निदान तीस माणसांच्या अंगावरून जावं लागणार होतं, आणि झाडीपट्टीत नाटक चालू असताना मधे उभं राहणाऱ्याला लोक नावाने ओळखत नाहीत, पाठीवरून ओळखतात. दोन शेंगदाण्याच्या पुड्या पाठीवर बसल्यावर मी खाली बसलो.

टण टण टण. ऑर्गन थांबला. प्रॉम्प्टर विंगेतून डोकं काढून आकाशाकडे पाहत होता. तेवढ्यात बापाने, तोही तीस-चाळीस वर्षांचा मुरलेला नट असणार, खाटेवर कोपरावर उठून कान टवकारला. चेहऱ्यावर एकदम समाधान आणलं.

"पोरी," तो म्हणाला, "आली गं माझी गाडी. यमानं वडशाची लाईन सुरू केली."

आणि पडला.

पहिल्यांदा टाळ्या भोंग्यांतूनच आल्या. कुठलीतरी पहिली गाडी कुठल्यातरी नव्या स्टेशनात पोचली होती आणि तिथले नागरिक जल्लोष करत होते. मग त्यांच्या मागोमाग गावाने टाळ्या धरल्या, आणि त्या इतका वेळ चालल्या की मेलेल्या बापाला एकदा उठून नमस्कार करावा लागला. भाचा चकली टाकून धावत आला तेव्हा साउंडवाल्याने त्याला मिक्सरला हात लावू दिला नाही.

"राहू दे, राहू दे. चांगलं चालू आहे."

"अहो, तो बग आहे! गेम मागे चालू राहिलाय!"

"असू दे न मंग. मागेच तर आहे."

पहाटे प्रयोग संपल्यावर भाचा साळ्याच्या ओसरीत बसून झाला प्रकार नेटाने लिहून काढत होता. गेम मागे असताना आवाज आपोआप बंद व्हावा, अशी त्याची मागणी होती. शिवाय काही कायदेशीर बाबीही त्याच्या डोक्यात आल्या होत्या. मूळ ७३ आवाज मालकी हक्काचे आहेत, जाहीर प्रयोगात वाजवता येणार नाहीत. मात्र स्वयंसेवकांनी नव्याने जमवलेला आवाजांचा एक मोफत संच आहे. अशा मोफत संचांमुळेच २०१० च्या १ एप्रिलला आलेल्या १.० आवृत्तीपासून मूळ गेम विकत न घेताही हा खेळता येतो. हे सगळं तो साउंडवाल्याला समजावत होता. साउंडवाला बिडी ओढत शांतपणे ऐकत होता.

"पोट्ट्या," तो शेवटी म्हणाला, "रातभर आमी जे गाने वाजवले, ते कोनाले इचारून वाजवले असं वाटते तुले?"

नऊच्या सुमाराला साळ्याचा फोन वाजला. शेजारच्या गावच्या मंडईची कमिटी होती, त्यांच्याकडे दोन दिवसांनी हेच नाटक होतं. साळ्याने फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला.

"भाऊ, ते गाडीवालं नाटक तुमच्याकडेच झालं न काल?"

"हो, पण ते नाटकातलं नव्हतं," भाचा पुढे होऊन म्हणाला. "ती चूक होती. बग होता तो. मी आता काढून टाकतोय."

"काढू नका न बावा! आमच्याइकडे लोकं आतापासूनच इचारून राह्यले. घंटी पायजे, टाळ्या पायजे. तो खण्ण पन पायजे."

"अहो काका, पण तो बग आहे!"

"हाव, तेच म्हनलं," फोनवरचा माणूस म्हणाला. "कंपनीले तं आमी पैसे देल्ले. बगाचे येगळे किती घेता?"